हाशिमचे चार टक्के

८ फेब्रुवारी २००६, बुधवार. मुंबई

अर्धा दिवस हाशिमच्या अंगठ्यात गेला!

हृदयाचे फोटो काढणाऱ्या त्या मशीनच्या खोलीत लोखंड चालत नाही. आत भलं मोठं चुंबक. दारातल्या मुलीने कागद पुढे केला — अंगात कुठे तार, सुई, पट्टी, गोळीचा तुकडा? मी ‘नाही’ लिहून मोकळा. हाशिम म्हणाला, “गळ आहे.”

“कुठे?”

“अंगठ्यात. एकसष्ट साली सुरमई ओढताना मोडला, आत राहिला. थंडीत बोलतो कधी कधी.”

मग अंगठ्याचा एक्स-रे. त्यात गळ नाहीच! पंचेचाळीस वर्षं बोट चालवणारा हा तांडेल अख्ख्या बंदराला तो अंगठा दाखवत आला. मशीनला भ्याला नाही, पण एक्स-रे बघून पार उतरला. “मास्तर, मग एवढी वर्षं बोलत होतं ते कोण?”

मशीनचं काय सांगू. बोगद्यात घालतात आणि बाहेरून कुणी पत्रे बडवतं. हातातून औषध सोडतात, थोडं थांबतात, मग फोटो. मध्ये मध्ये कानात आवाज — श्वास घ्या... सोडा... धरा. धरायचा किती हे काही सांगत नाहीत. मी मनात चौथीच्या पुस्तकातली कासवाची कविता लावली. एका श्वासात दीड कडवं बसतं. कविता संपली तेव्हा माझं हृदयही काढून झालं होतं.

बाहेर आल्यावर हाशिमला विचारलं, तू काय म्हणत होतास? त्याने चौथी दिवाळीनंतर सोडली — बापाने बोटीवर घेतलं. पुस्तकातल्या पहिल्या सहा कविताच त्याला येतात. कासवाची सातवी.

म्हणे, “सहावी. सारखी सहावीच.”

९ फेब्रुवारी. परतीच्या गाडीत

डॉ. खानोलकरांनी आम्हाला दोघांना एकदमच बसवलं. पडद्यावर माझं हृदय. जिवंत मांस काळं दिसतं, मेलेलं पांढरं. माझ्या हृदयावर कुणी खडूने लिहून अर्धवट पुसल्यासारखं. एकतीस टक्के. २००१ च्या झटक्याची खूण. हाशिमचा झटका २००३ चा, त्याला बारीक रेघ. चार टक्के.

“चौथीतही याला माझ्याहून जास्तच असायचे,” हाशिम डॉक्टरांना म्हणाला.

डॉक्टर हसले नाहीत. डाग मोठा असला की हृदय एखाद्या दिवशी ताल सोडतं, काही न कळवता. म्हणून मला छातीत कातडीखाली एक पेटी बसवून घ्या म्हणाले. ताल सुटला की पेटी आतून झटका देते. मी आयुष्यभर पोरांना छडी मारली नाही. आता स्वतःच्याच छातीत छडीवाला मास्तर बसवू? विचार करून सांगतो म्हटलं. हाशिमला गोळ्या, बाकी काही नको.

डाग बघून पुढचं किती सांगता येतं, ते या लोकांना शोधायचंय. म्हणून दर तीन महिन्यांनी फोन करणार, पाच वर्षं. फोनवाली मुलगी समरीन, चिपळूणची निघाली. हाशिमने घरचा नंबर दिला नाही. “नसीमा दवाखान्याचा फोन घेईल आणि तिलाच झटका येईल. मास्तरचा लिहा. मी रोज जातोच त्याच्याकडे.” दोन्ही फाइलीही माझ्याच पिशवीत. त्याला इंग्रजी येत नाही, मला थोडं येतं.

पनवेल गेल्यावर म्हणाला, “पेटी बसव.”

मी खिडकीबाहेर बघत होतो.

१२ फेब्रुवारी

हाशिमने रत्नागिरीत पोचताच मिरकरवाड्याच्या जेटीवर जाहीर करून टाकलं — “मास्तरचा आणि माझा डाग सारखाच. एकतीस-एकतीस!” मला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून. नसीमाभाभीलाही तेच सांगितलं. तिने त्याचं मीठ बंद केलं.

मी म्हटलं, खरं सांग की. तर म्हणे, “बेंच एक, तर डाग दोन कशाला?”

२ मार्च

मोहर बरा आहे. छातीत काही नाही.

१० मे

फोन आला! समरीन तीनच गोष्टी विचारते. दवाखान्यात भरती झालात? चक्कर येऊन पडलात? आणि तिसरी, गेलात का, ती विचारत नाही — फोनवर कोण आलंय त्यावरून तिला कळते. यातलं काही झालं तर त्याला ते ‘इव्हेंट’ म्हणतात.

“दोघंही ठीक,” मी सांगितलं. हाशिम शेजारीच फणसाचे गरे खात बसला होता. ओरडला, “तिला सांग, एकतीसवाला अजून चालतो!” ती म्हणाली, “काका, तुम्ही असेच आमचे आकडे बिघडवत राहा.” गोड मुलगी आहे.

गोदाने, माझ्या बायकोने, विचारलं, “पेटीचं काही विचारलं का तिने?” नाही विचारलं. “मग तुम्ही विचारायचंत.”

१७ जुलै

बोटी वर ओढलेल्या. हाशिम दिवसभर आमच्या पडवीत जाळं विणतो आणि मी वाचतो. आज त्याला सातवी कविता शिकवली. साठ वर्षं उशिरा! कासव समुद्राकडे निघतं आणि वाटेत त्याला आपल्याच पाठीचं ओझं वाटायला लागतं, अशी आहे. हाशिमने सगळी ऐकली, मग म्हणाला, “कासवाला पाठीचं ओझं? कवीने कासव बघितलं नव्हतं.”

मला मात्र तो वर्ग आठवत राहिला. चाळीस पोरं एका सुरात म्हणायची तेव्हा कौलं थरथरायची. पहिल्या बाकावरचा हाशिमचा आवाज सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत चुकीचा. दिवाळीनंतर शाळा उघडली तर सूर बरोबर लागला. गुरुजींना बरं वाटलं असेल. मला वर्ग रिकामा वाटला.

९ ऑगस्ट

फोन. दोघंही ठीक.

१३ नोव्हेंबर

फोन. दोघंही ठीक. “चाचांना सलाम सांगा,” म्हणाली. सांगितला. खूष झाला. तिच्यासाठी सुकी कोलंबी पाठवायची म्हणतो. दवाखान्यात कोलंबी कशी पाठवायची ते ठरत नाही.

११ जानेवारी २००७, गुरुवार

हाशिम गेला.

१५ जानेवारी

राजिवड्याच्या खाडीवर, दुपारी, जाळं विणता विणता. सुई हातात, दोरा दातात. शेजारच्याला वाटलं डुलकी लागली. भरतीचं पाणी पायाला लागलं तरी पाय मागे घेईना तेव्हा कळलं.

जेटीवर सगळे एकच म्हणतात — डाग मोठा होता ना, मास्तरांसारखाच. आणि मग माझ्याकडे बघतात. तुमचा नंबर कधी, असं बघतात. वाईट बुद्धीने नाही.

चार टक्के होता, असं मी कुणाला सांगितलं नाही. त्यानेच सांगितलेलं मी कशाला खोडू? फाइल माझ्या कपाटात आहे.

१२ फेब्रुवारी

फोन आला. तिने नेहमीसारखं पहिल्यांदा माझं विचारलं. मग, “आणि हाशिमचाचा?”

मी म्हणालो, “दोघंही ठीक.”

असं का म्हणालो माहीत नाही. जीभ त्याच वाटेने गेली. फोन ठेवल्यावर लगेच उलटा लावता आला असता. नंबर समोर भिंतीवर होता. लावला नाही. वर्ष झालं म्हणून तपासणीला बोलावत होती. म्हटलं, जमत नाही, वय झालं.

गोदा आत खोबरं किसत होती. किसणीचा आवाज मध्येच थांबला होता. पुन्हा सुरू झाला.

२१ एप्रिल

काशीराम आला होता. माझा विद्यार्थी, हाशिमच्या बोटीवर वीस वर्षं खलाशी. पन्नाशी गाठली. त्याला शिमग्यानंतर झटका आला, तर गावच्या डॉक्टरांनी त्यालाही त्याच मशीनमध्ये पाठवलं. कागद माझ्याकडून वाचून घ्यायला आला.

पाच टक्के.

“म्हणजे लहान ना, गुरुजी?”

“लहान.”

“चाचांचा मोठा होता. एकतीस.” त्याने हातांनी दाखवला, पापलेटाएवढा. “माझा काय, मांदेलीएवढा हाय!”

चहा न घेताच गेला. बायकोला सांगायची घाई.

९ मे

फोन. या वेळी माझी जीभ चुकली नाही. जाणूनबुजून सांगितलं, दोघंही ठीक. “चाचा काय करतात?” तिने विचारलं. म्हटलं, जाळं विणतो, मला छळतो, गरे खातो. कासवाच्या कवितेला नावं ठेवतो. मी बरंच बोललो. ती हसली. म्हणाली, माझा सलाम सांगा.

संध्याकाळी राजिवड्याला हाशिमच्या घरी गेलो. सलाम पोचवायला म्हणून नाही, पण गेलो. नसीमाभाभी म्हणाली, “बसा मास्तर.” बसलो. ती म्हणाली, “हल्ली त्यांची चौकशी कुणी करत नाही. पहिले चाळीस दिवस करतात.” मी म्हणालो, करतात. ती म्हणाली, कोण? मी चहा प्यायलो.

३० जून

आज दिवसभर जुन्या पाठ्यपुस्तकांना ऊन दाखवलं, म्हणजे पंख्याखाली. कसर लागली आहे. कासवाचं पान शाबूत. कवीचं नाव मात्र आधीपासूनच फाटलेलं. कुणी लिहिली ते मला कधीच कळलं नाही, आणि चाळीस वर्षं मी ती शिकवली.

१३ ऑगस्ट, सोमवार

समरीनचा फोन. आवाजात नुसता आनंद.

“काका, दीड वर्षाचा पहिला हिशोब लावला. डाग दहा टक्क्यांच्या आत असलेले आमच्याकडे त्रेचाळीस जण. एकसुद्धा गेला नाही! एकही नाही! सर म्हणतात, लहान डागवाल्यांना आता उगाच घरी बसवायचं नाही. तुमच्या रत्नागिरीचेच एक आहेत ना काशीराम, त्यांना आजच पत्र टाकलं. बोटीवर जायला हरकत नाही.”

मी म्हणालो, छान.

“आणि हाशिमचाचा?”

मी म्हणालो, “ठीक.”

१४ ऑगस्ट

त्रेचाळीस. त्यातला एक राजिवड्याच्या कबरस्तानात आहे.

खानोलकरांना हाशिमचा डाग माहीत आहे, पण तो गेला हे माहीत नाही. काशीरामला तो गेला हे माहीत आहे, पण डाग माहीत नाही. दोन्ही मलाच ठाऊक. वर्गात एकाच पोराला उत्तर येत असलं आणि तो हात वर करत नसला तर मी काय म्हणत असे? ‘बसून राहिलास तर उत्तर कुजेल.’ असलं काहीतरी.

१७ ऑगस्ट

पत्र घेऊन काशीराम आला. घडी घालून घालून मऊ केलेलं. नारळीपौर्णिमा अठ्ठावीसला. नारळ सोडला की दुसऱ्या दिवशी बोट खोल पाण्यात, आठ-आठ दिवस.

“गुरुजी, डॉक्टरनी लेखी दिल्यान! एकपन मेला नाय लहान डागवाला!”

“आणखी थोडं थांबलास तर?”

“थांबून काय करू? पाच महिने घरात बसलाव. बायको म्हणते, तुमचा नुसता ढीग झालाय.” मग आवाज खाली आणून, “तुमचा मोठा हाय म्हणून तुम्हाला भीती वाटते. खरां ना?”

मी हो म्हणालो. तो हसून गेला. जाताना पायऱ्या दोन दोन उतरला.

गोदा दारात उभी होती. “तो पोरगा पाण्यात जाणार?”

“हो.”

“हाशिमभाईंचा डाग किती होता हो?”

मी आत जायला वळलो. ती म्हणाली, “फाइल मला वाचता येत नाही. आकडे येतात.”

१८ ऑगस्ट

फोन लावायला बसलो. लागला नाही. बरं वाटलं.

२० ऑगस्ट, सोमवार

लागला.

मी सांगितलं, हाशिम अकरा जानेवारीला गेला. तिच्या पाठीमागे कुणाचं तरी मशीन वाजत होतं, माझ्या ओळखीचं, पत्र्याचं.

मग तिने विचारलं, “वेळ?” दुपारी अडीच-तीनच्या सुमारास. “आजारी होते?” नाही. “अचानक?” अचानक. कागदावर पेन चालल्याचा आवाज येत होता. मग, “काका, तीन वेळा विचारलं मी तुम्हाला.”

“हो.”

“का?”

मी म्हणालो, “तुम्ही त्याचं विचारायचात. दुसरं कुणी विचारत नव्हतं.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, “मी सरांना सांगते,” आणि फोन ठेवला. सलाम सांगितला नाही. कुणाला सांगणार!

२१ ऑगस्ट

स्वतः खानोलकर फोनवर. माणूस शांत आहे, तेच जास्त लागतं. म्हणाले, “त्रेचाळिसात शून्य आणि त्रेचाळिसात एक यात किती फरक आहे, तुम्ही शिक्षक, तुम्हाला काय सांगू. अजूनही लहान डाग चांगलाच. पण शून्य असतं तेव्हा आपण बेफिकीर होतो. मी झालो. काशीरामना थांबवा. दोन दिवस छातीवर यंत्र लावून ठोके लिहून घेतो, मग ठरवू.”

मी विचारलं, हाशिमचं तुम्हाला आधी का नाही ओळखता आलं?

“फोटोत डाग दिसतो,” म्हणाले. “माणूस सगळा दिसत नाही. म्हणून तर फोन करतो.”

मी ‘चूक झाली’ म्हणालो. चौथीतल्या पोरासारखा.

२२ ऑगस्ट

काशीरामकडे स्वतः गेलो. अंगणात तो नव्या दोराला पीळ देत होता. सगळं सांगितलं, पहिल्यापासून. त्याने दोर खाली ठेवला.

“चार? चाचांचा चार?”

“चार.”

“आन् तुम्ही मला डोळ्यादेखत जाऊ देत होतात, गुरुजी?”

त्याची बायको आतून म्हणाली, “पाणी तरी द्या त्यांना.” तो म्हणाला, “तू दे.” तिने दिलं. प्यायलो.

निघताना मागून ओरडला, “सीझन गेला माझा!” मग थोड्या वेळाने, खालच्या आवाजात, “गाडी कितीची असते मुंबईची?”

परत येताना राजिवड्याला उतरलो. नसीमाभाभीलाही सांगितलं. ती बराच वेळ सुपातले तांदूळ निवडत राहिली. म्हणाली, “चार असताना मी वर्षभर त्यांना अळणी जेवायला घातलं?” मग रडली. जानेवारीत रडली होती त्याहून जास्त.

२३ ऑगस्ट

पडवीत बसून राहिलो. काही वाचलं नाही.

२४ ऑगस्ट, शुक्रवार

समरीनचा फोन. आता नवा नियम केलाय म्हणाली — पेशंटचं घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारायचं. “काकूंना द्या.”

गोदाने पदराला हात पुसले, फोन घेतला. ऐकलं. माझ्याकडे बघितलं.

“हो, पडले. दोनदा. होळीच्या आदल्या दिवशी मोरीत, आणि परवा पायरीवर. दोन्ही वेळा शुद्ध नव्हती.”

हे मी या वहीलाही सांगितलं नव्हतं.

“कधी घेऊन येऊ?” गोदाने विचारलं. तिला. मला नाही.